डिझेल मोटारीची नाडीपरीक्षा

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे शहराची दाटी हळूहळू विरळ होते, शेते आणि आमराया दिसू लागतात, आणि मग बख्शी का तालाब हे गाव लागते. येथे विमानदलाचा तळ आहे. बदलीच्या नोकरीमुळे हे लांबलचक नाव काही मराठी घरांनाही ठाऊक झालेले असते. पौष-माघात येथे धुके असे पडते की अंगणातून फाटक दिसू नये. अशा एखाद्या पहाटे एका मराठी गृहस्थाच्या अंगणात जुनी डिझेल मोटार उभी आहे, अशी कल्पना करावी. बराच वेळ सेल्फ मारावा तेव्हा ती जागी होते. जागी झाली तरी अंग थरथरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, आणि इंजिन मधूनमधून अडखळते. मिस्त्री बॉनेटवर हात टेकून एकाच वाक्यात निकाल देतो: इंजेक्टर गेले, चारही बदलावे लागतील. खर्चाचा आकडा ऐकल्यावर, एवढ्या पैशात गाडी ठेवावी की विकावी, असा प्रश्न घरात उभा राहतो.

मिस्त्रीचे निदान खरेही असेल. परंतु निदान आणि अंदाज यांत जे अंतर आहे, ते घरच्या घरी, साध्या साधनांनी पुष्कळसे कापता येते. त्यासाठी इंजेक्टर काय काम करतो हे आधी समजून घेतले पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात ती लागत नाही. येथे नुसती हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा शिरताच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले, तेव्हा त्यांनी इंधन आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा वापरली होती. पुढे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने इंधन-पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन 1927 साली सुरू केले, आणि हे इंजिन मालमोटारीत व पुढे घरगुती मोटारीत सामावू लागले. इंजेक्टर म्हणजे त्या फवाऱ्याचे तोंड. मंद गतीवर तो एका खेपेस जेवढे डिझेल सोडतो, ते मोहरीच्या मोजक्या दाण्यांएवढे भरते. ते धुक्यासारखे बारीक व्हावे, नेमक्या क्षणी पडावे आणि नेमक्या क्षणी थांबावे, एवढीच त्याची जबाबदारी. तोंडाशी काजळी बसली तर फवारा तिरका होतो, सुई नीट बसेनाशी झाली तर थेंब गळतात, आणि आतील भाग झिजला तर दाबच टिकत नाही.

या परीक्षेतील पहिले साधन म्हणजे कान. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे सत्तावीस स्फोट होतात. त्यांतील एक सिलिंडर मुका झाला, तर दर सेकंदाला सहा-सात जागा रिकाम्या पडतात आणि सलग गुणगुण मोडून तिच्यात ठरावीक हिसका येतो. ज्या लखनौत विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 साली संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, त्या शहराच्या परिसरात कान तयार करण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. हिसका सतत आणि एकाच लयीत येत असेल, तर दोष एखाद्या सिलिंडरापुरता आहे असे मानावे. इंजिन वेडेवाकडे, कधी चढत तर कधी पडत चालत असेल, तर डिझेलच्या वाटेत हवा शिरली असण्याची शंका आधी घ्यावी.

दुसरे साधन डोळे व नाक. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल अधिक. इंजेक्टर गळत असेल तरी तो निघतो, पण हवेचा फिल्टर तुंबला किंवा टर्बोची नळी फाटली तरीही तसाच निघतो. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचा. पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल आणि त्यास कच्च्या डिझेलचा वास असेल, तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे. जो पांढरा लोट हवेत लगेच विरतो, ती थंडीतील साधी वाफ असू शकते. इंजिन तापल्यावरही वाफ थांबली नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर मात्र प्रकरण इंजेक्टरचे नव्हे.

आता जे निर्दोष असतील त्यांना संशयातून मोकळे करावे, आणि ते स्वस्तापासून महागाकडे या क्रमाने. डिझेलचा फिल्टर शेवटचा केव्हा बदलला, त्याच्या तळाशी पाणी साचले आहे काय, बॅटरी सेल्फला पुरेशा वेगाने फिरवते काय, हे प्रथम पाहावे. त्यानंतर ग्लो प्लग. थंड इंजिनाला ऊब देणारे हे प्लग जळाले असतील तर पहाटेची सारी लक्षणे तंतोतंत इंजेक्टरच्या दोषासारखी दिसतात. फरक इतकाच की इंजिन तापताच ती निघून जातात. इंजिन बंद असताना प्लगची वायर सोडून मीटरने रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध सामान्यतः एखाद-दोन ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. मीटर काहीच जोडणी दाखवीत नसेल, तर तो प्लग मेलेला आहे. चार इंजेक्टरांच्या खर्चाची भीती अशा रीतीने कधीकधी एका ग्लो प्लगवर निभावते. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला आणि छक् छक् असा आवाज आला, तर खालचा तांब्याचा वॉशर गळतो आहे. इंजेक्टर स्वतः धड असू शकतो.

एवढ्यावरही संशय इंजेक्टरवरच राहिला, तर चौघांपैकी दोषी कोण हे शोधावे लागते, आणि येथे मोटारीच्या पिढीचा प्रश्न येतो. पुण्यात तयार झालेली इंडिका 1998 च्या अखेरीस आली, तेव्हा तिच्या डिझेल इंजिनात जुन्या पद्धतीचा पंप होता. अशा इंजिनावर मिस्त्री चालू स्थितीत एकेका इंजेक्टरच्या नळीचे नट अर्धा आटा सैल करीत. नट सैल होताच इंजिन आणखी बसले तर तो सिलिंडर कामाचा, आणि काहीच फरक न पडला तर दोष तेथेच. मग तो इंजेक्टर शेजारच्या जागी बसवून पाहत. दोष त्याच्याबरोबर गेला तर इंजेक्टर खराब, जागीच राहिला तर व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन किंवा पंप यांकडे पाहायचे.

परंतु 1997 साली युरोपात घरगुती मोटारीत कॉमन रेल आली, आणि 2007 मध्ये आलेल्या स्विफ्टच्या डिझेल इंजिनातही तीच पद्धत होती. या इंजिनात सर्व इंजेक्टर एका समाईक नळीला जोडलेले असतात आणि जोर लागला असता तिच्यातील दाब वातावरणाच्या सोळाशे पटींपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. मोटारीच्या चाकातील हवेशी तुलना केली म्हणजे हा आकडा उमगतो. येथे चालू इंजिनाचे नट सैल करणे म्हणजे सुईसारख्या धारेपुढे हात धरणे होय. ती धार कातडीतून आत शिरते. वर केवळ टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतेही थोडेच, आणि आत मांस मरत असते. असे झाल्यास वाट न पाहता त्याच तासाला शल्यवैद्याकडे जावे आणि डिझेल आत गेले आहे हे स्पष्ट सांगावे. बोट गमावण्याची वेळ याच दिरंगाईतून येते. गळतीची जागा शोधण्यासाठीसुद्धा हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

जुन्या कसबाची जागा नव्या इंजिनात दुसऱ्या उपायांनी भरून निघते. इंजिन थंड असताना ते सुरू करावे आणि मिनिटाभरात दुरून उष्णता मोजणारा तापमापक एक्झॉस्टच्या चारही फाट्यांवर धरावा. जो फाटा इतरांच्या मागे राहील, त्या सिलिंडरात जळण नीट होत नाही. मोटारीच्या संगणकाला जोडावयाचे छोटे यंत्र मिळाल्यास, काही गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल वाढवून वा घटवून दिले जाते हेही वाचता येते.

तिसरी परीक्षा परतीच्या डिझेलची. इंजेक्टरमधून थोडे डिझेल परत टाकीकडे जाते. इंजिन बंद करून व दाब उतरू देऊन या बारीक परतीच्या नळ्या सोडाव्यात, त्यांच्या जागी पारदर्शक नळ्या लावून त्या चार सारख्या बाटल्यांत सोडाव्यात, आणि मग इंजिन काही मिनिटे मंद गतीवर चालवावे. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी त्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली, तर त्या इंजेक्टरची झीज उघड झाली. सेल्फ फार वेळ मारावा लागण्याचे कारणही बहुधा हेच असते, कारण दाब साठण्याऐवजी वाहून जातो. मात्र काही गाड्यांतील पीझो जातीच्या इंजेक्टरांना परतीच्या वाटेवरही दाब लागतो. त्यांवर ही परीक्षा करू नये. गाडीचे मॅन्युअल आधी पाहणे यासाठीच श्रेयस्कर. चालू इंजिनावर इंजेक्टरची विजेची जोडणीही ओढू नये.

घरची हद्द येथे संपते. इंजेक्टर उघडून साफ करणे, त्याचा फवारा व प्रमाण तपासणे हे पंप-नोझलच्या दुकानातील यंत्राचे काम. अनेक कॉमन रेल गाड्यांत नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या डोक्यावरील अंक व अक्षरे संगणकात भरावी लागतात, नाहीतर नवा मालही बिघडल्यासारखा वागतो. शिवाय एक धोका असा की ज्यासाठी थांबू नये: डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी चालवणेच बंद करावे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना राखत नाही, आणि गळका इंजेक्टर पिस्टनलाही भोक पाडू शकतो.

बख्शी का तालाबच्या त्या अंगणात आता धुके निवळले आहे. गृहस्थाने फिल्टर पाहिला, ग्लो प्लग मोजले, चार बाटल्या ओळीने मांडल्या. तिसऱ्या सिलिंडरची बाटली इतरांहून बरीच वर गेली आहे. तो पुन्हा शहरातील दुकानात जाईल, पण "गाडी नीट चालत नाही" एवढेच सांगण्यासाठी नव्हे. ती बाटली आणि तीन तारखांची टिपणे तो बरोबर नेईल, आणि एकच इंजेक्टर आधी यंत्रावर लावून दाखवावा, असे म्हणेल. दुकानदाराने उरलेल्या तिघांचीही तपासणी सुचवली, तर ती रास्तच ठरेल. परंतु चारही बदलायचे की एक, हा निर्णय आता आकड्यांवरून होईल. ज्याच्या हाती स्वतःची टिपणे आहेत त्याच्याशी मिस्त्रीही निराळ्या आदराने बोलतो, आणि पैसा खर्च झालाच तर तो कशासाठी झाला हे घरातल्या माणसांना सांगता येते.