घोडा नवा, खोगीर जुने



बदलापूर हे नाव कसे पडले, असे तिथल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा. शिवाजी महाराजांच्या फौजेचे घोडे इथे बदलत, म्हणून बदलापूर, असे ते सांगतील. दमलेला घोडा सोडायचा, ताज्या घोड्यावर तेच खोगीर चढवायचे आणि पुढची मजल मारायची. आज मी बोलणार आहे संगणकाविषयी. पण हा घोडा आणि हे खोगीर तेवढे ध्यानात असू द्या.

संगणकातला प्रोसेसर म्हणजे सारी आकडेमोड करणारी चीप. ती मदरबोर्ड नावाच्या पाटावर एका खोबणीत बसते. या खोबणीला सॉकेट म्हणतात. आजच्या खोबणीत हजाराहून अधिक बारीक टोके असतात. कुणी वीज आणते, कुणी माहितीची ने-आण करते. प्रत्येकाचे काम ठरलेले.

अंबरनाथच्या कारखान्यातला कारागीर म्हणेल, "यात काय मोठेसे? आमच्याकडे मोर्स टेपरचा नंबर जुळला, की ड्रिल कोणत्याही कंपनीचे असो, यंत्रात बसते." बरोबर आहे, पण संगणकाच्या बाजारात तसे नाही. इंटेल कंपनीने घरगुती संगणकांसाठी २०११ साली ११५५ टोकांची खोबण आणली, २०१३ साली ११५० ची, २०१५ साली ११५१ ची. पुढे २०२० साली १२००, २०२१ साली १७०० आणि २०२४ साली १८५१!

आता समजा, एखाद्या शाळेने २०१६ साली लोकवर्गणीतून संगणक घेतले. दोन वर्षांनी गुरुजींनी बाजारातून नवा प्रोसेसर आणला. खोबण ११५१, प्रोसेसरही ११५१. बसला की हो! पण संगणक काही चालू होईना. कारण २०१७ च्या अखेरीस आलेल्या प्रोसेसरांसाठी टोकांची संख्या तीच ठेवून कंपनीने त्यांतल्या काहींची कामे बदलली होती, आणि नवा मदरबोर्ड घेणे भाग होते. उल्हासनगरच्या बाजारात हवी ती वस्तू घडवून मिळते अशी ख्याती आहे. पण इथे कानस घासून भागत नाही.

बदल मुळातच वाईट, असे मात्र नव्हे. मेमरीची जात बदलते, वीज जास्त लागते, तेव्हा खोबणही बदलावी लागते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बांधला, त्यात ट्रान्सप्यूटर नावाच्या चिपा होत्या. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आले. तिथे सारे यंत्रच नव्याने बांधले गेले. शाळेला दर दोन वर्षांनी ते कसे परवडावे?

आणि खोबण टिकवता येते, हेही खरे. एएमडी कंपनीच्या एएम-४ खोबणीत २०१७ साली पहिले रायझन प्रोसेसर बसले, आणि २०२४ सालीही तिच्यासाठी नवे प्रोसेसर निघाले. अर्थात, प्रत्येक जुना बोर्ड प्रत्येक नवा प्रोसेसर घेतोच असे नाही; बोर्डातली बायोस ही मूळ आज्ञावली आधी अद्ययावत करावी लागते.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या वहीत प्रत्येक संगणकाच्या मदरबोर्डचे नाव, खोबण आणि मेमरीची जात लिहून ठेवा. खरेदीपूर्वी, त्या बोर्डावर कोणते प्रोसेसर चालतात ही त्याच्या कंपनीची यादी पाहा. दुकानदाराने "बसेल हो" म्हटले, तर ते बिलावर लिहून घ्या. आणि संगणक मंद झाला म्हणून लगेच प्रोसेसरला दोष देऊ नका. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली, मेमरी थोडी वाढवली, की मुलांच्या लेखन-वाचनाला आणि हिशेबाला तेच यंत्र पुष्कळदा आणखी काही वर्षे पुरते.

वर्गणीचा पैसा हा कुणाच्या तरी भाताच्या, दुधाच्या विक्रीतून आलेला असतो. नवा घोडा जरूर घ्यावा. पण आपले खोगीर त्याच्या पाठीवर बसेल ना, हे दाम मोजण्याआधी पाहावे.