जुना लेथ घेताना

आमच्या मानपुराहून पिथमपुरची औद्योगिक वसाहत फार दूर नाही. तेथे काम शिकलेला एखादा तरुण घराच्या ओसरीत स्वतःचा लेथ मांडण्याचे मनात धरतो. नवा परवडत नाही. म्हणून घरची सारी शिल्लक जुन्या यंत्रात घातली जाते. ती बुडू नये, एवढ्यासाठी हे चार शब्द.

हरिहरला १९४१ साली स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे, बंगलोरला १९५३ साली स्थापन झालेल्या एच. एम. टी.चे लेथ जुन्या बाजारात आढळतात. परंतु नावाच्या पाटीवर वा ताज्या रंगावर भुलू नये. लेथचा प्राण त्याचा बेड होय. बहुतेक काम चकजवळ होत असल्याने झीजही तेथेच अधिक असते. कॅरेज चकजवळ नेऊन तिचे लॉक किंचित आवळावे व ती टेलस्टॉककडे सरकवावी. तिकडे ती अडू लागली, तर झीज उघड झाली. विक्रेता 'यंत्र उत्तम आहे' म्हणाला, तर 'बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर' या न्यायाने आपल्यादेखत लोखंड कातावयास लावावे. आटे पाडण्याची बदली गिअरचाके मोजून घ्यावीत. मोटर थ्री-फेजची आणि घरची वीज सिंगल-फेजची असेल, तर तो वाढीव खर्च सौद्यातच धरावा.

घरी आणल्यावर लेथ पक्क्या काँक्रीटवर ठेवावा. बेडच्या दोन्ही टोकांना पाणसळ आडवी ठेवून पाहावी. बुडबुडा दोन्हीकडे सारखाच दिसला पाहिजे. बेडला पीळ राहिला, तर सरळ दांडा निमुळता कातला जातो. खात्रीसाठी एक जाड दांडा केवळ चकमध्ये धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, हलका कातावा व दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. बाहेरचे टोक जाड निघाले, तर टेलस्टॉककडील पुढच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवावा. बारीक निघाले, तर मागच्या पायाखाली. व्यास जुळेपर्यंत हे करावे आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. बेडची झीज मात्र या उपायाने भरून येत नाही. म्हणूनच ती खरेदीपूर्वी पाहावयाची.

काम करताना सैल बाही नको, हातमोजे नकोत; चकची चावी चकमध्ये राहिली असता बटण कदापि दाबू नये.

एवढे केले, की गावचा शेतकरी पंपाचा झिजलेला शाफ्ट घेऊन ओसरीत येईल, तेव्हा त्याला इंदूरची वाट दाखवावी लागणार नाही.