धूर कोठें जातो?



हल्लीं ज्या घरीं नवी मोटार घेण्याचा विचार चाललेला असतो, त्या घरीं एक वाद हमखास ऐकूं येतो. मुलगा म्हणतो, "बाबा, घ्यावयाची तर विजेचीच घ्या, तिला धूर नाहीं." वडील म्हणतात, "धूर नाहीं कसा? वीज कांहीं आपल्या घरीं आकाशांतून पडत नाहीं. तीहि कोळसा जाळूनच होते." चहा निवून जातो आणि वाद तेथेंच राहतो. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. तें कोणाच्या बाजूस किती, याचा हिशोब मांडून पाहावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

विजेची मोटार ही कांहीं कालची गोष्ट नव्हे. १८९९ सालीं पॅरिसजवळ कामीय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थानें विजेच्या मोटारींत बसून ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. तोंपर्यंत रस्त्यावरील दुसऱ्या कोणत्याहि मोटारीला तें साधलें नव्हतें. पुढें १९१२ च्या सुमारास हँडल न फिरवतां सुरू होणारें पेट्रोलचें एंजिन निघालें, पेट्रोलहि स्वस्त झालें, आणि जड बॅटरीची, थोडक्या पल्ल्याची ही गाडी मागें पडली. आज हलक्या व दमदार बॅटऱ्या निघाल्यामुळें ती पुनः रस्त्यावर आली आहे.

आतां प्रथम पेट्रोलचा हिशोब. एक लिटर पेट्रोलचें वजन पाऊण किलोच्या आसपास भरतें. पण तें जळलें म्हणजे त्यापासून सुमारें २.३ किलो कर्बवायु, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, निर्माण होतो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो कसे झाले, असें कोणी विचारील. पेट्रोलमधील कर्ब हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतो आणि त्या प्राणवायूचें वजन यांत मिळतें, हें त्याचें उत्तर. शहरांत लिटरला १५ किलोमीटर चालणारी गाडी धरली, तर दर किलोमीटरला १५० ग्रॅमांहून थोडा अधिक वायु तिच्या नळींतून बाहेर पडतो. तेल विहिरींतून काढणें, जहाजांतून आणणें व शुद्ध करणें यांचा सुमारें एक पंचमांश भार त्यांत मिळविला, म्हणजे आंकडा १८० ग्रॅमांच्या वर जातो. शिवाय पेट्रोलच्या उष्णतेपैकीं जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोंचतो. बाकीची रेडिएटर व धूर यांच्या वाटेनें निघून जाते.

विजेच्या गाडीचें यंत्र याच्या उलट मोठें काटकसरी. घेतलेल्या विजेपैकीं शेंकडा ८० हून अधिक ती चाकांना देते. परंतु वडिलांचा आक्षेप येथें उभा राहतो. आपल्या देशांतील विजेपैकीं सुमारें तीन चतुर्थांश वीज कोळशापासून होते, आणि कोळशाच्या वीजकेंद्रांत उष्णतेचा दोन तृतीयांश भाग आधींच वायां जातो. सर्व प्रकारची वीज एकत्र धरली, तरी दर युनिटामागें सात दशांश किलोहून थोडा अधिक कर्बवायु सुटतो. तारांतून येतांना जी वीज नासते तिची भर घातली, म्हणजे आपल्या भिंतींतील प्लगपाशीं हा आंकडा साडेआठशें ग्रॅमांच्या घरांत येतो. लहान गाडी एका युनिटांत सुमारें ७ किलोमीटर जाते. अर्थात् किलोमीटरमागें १२० ग्रॅम. म्हणजे कोळशाची वीज धरूनहि विजेची गाडी सरस ठरते. मात्र मुलगा समजतो तितकी नव्हे.

आणखी एक रक्कम खर्चाच्या बाजूस मांडली पाहिजे, ती बॅटरीची. ३० युनिटांची बॅटरी तयार करतांना अडीच टनांच्या आसपास कर्बवायु हवेंत जातो. म्हणजे ही गाडी दुकानांतून निघते तीच कर्ज घेऊन. दर किलोमीटरला साठ-पासष्ट ग्रॅमांची बचत करीत तें फेडावयाचें, तर सुमारें ४०,००० किलोमीटर चालावें लागतें. वर्षास १०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचें ऋण चार वर्षांत फिटेल. केवळ रविवारीं देवदर्शनास गाडी काढून वर्षाला ३,००० किलोमीटर करणाऱ्यास तेरा वर्षें लागतील! इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन या संस्थेनें २०२१ सालीं गाडीच्या जन्मापासून मोडींत जाईपर्यंतचा सर्व हिशोब केला. तींत विजेच्या गाडीची सरशी भारतांत शेंकडा १९ ते ३४ निघाली, तर युरोपांत ६६ ते ६९. गाडी तीच; फरक विजेचा.

बॅटरीचें ऋण केवळ कर्बवायूचेंच नाहीं. चिलींतील आटाकामाच्या वाळवंटांत लिथियमसाठीं खारें पाणी उपसून उन्हांत आटवितात, आणि तेथें पाण्याचें दुर्भिक्ष मुळांतच आहे. कोबाल्टचा मोठा भाग कांगोंतून येतो. तेथील कांहीं खाणींत लहान मुलेंहि राबलेलीं आढळलीं आहेत. कोबाल्टवांचून चालणाऱ्या बॅटऱ्या आतां पुष्कळ होऊं लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण तेलाचाहि इतिहास कांहीं धुतल्या तांदळासारखा नाहीं. २०१० सालीं मेक्सिकोच्या आखातांत विहीर फुटून समुद्र काळा झाला, हें आपणांस आठवत असेल. दोहोंत भेद एवढाच कीं, जळलेलें पेट्रोल परत मिळत नाहीं, आणि बॅटरींतील धातु परत काढतां येतात. ते काढले जातील तरच हा भेद खरा. त्यासाठीं आपल्या सरकारनें २०२२ सालीं नियम केले आहेत.

परंतु माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ग्रॅमांचा नाहीं. पुण्याच्या चौकांत विजेची गाडी उभी राहते तेव्हां तेथील मुलांच्या नाकाशीं धूर येत नाहीं, कानठळ्या बसत नाहींत. हा लाभ मोठा आहे. टायरांची धूळ मात्र उडतेच. पण ती वीज चंद्रपूर किंवा कोराडी येथें कोळसा जाळून झालेली असेल, तर तिची राख आणि धूर तेथल्या लोकांच्या वांट्यास येतो. ज्यांच्या दारीं मोटार नाहीं, अशींहि पुष्कळ घरें त्यांत आहेत. लाखों गाड्यांच्या नळ्यांपेक्षां एका धुरांड्यावर नियंत्रण ठेवणें सोपें, हें खरें. पण तें ठेवलें पाहिजे. आपल्या अंगणांतला केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटला, तर त्याला स्वच्छता म्हणत नाहींत.

मग गृहस्थानें करावें काय? रोजची धांव मोठी असेल आणि गाडी घेणें भागच असेल, तर विजेची घ्यावी, लहान घ्यावी, आणि शक्य तेव्हां दुपारीं, सूर्यापासून वीज होत असतां भरावी. घरची जुनी गाडी धड असेल व क्वचितच निघत असेल, तर केवळ मोठेपणासाठीं ती टाकून नवी आणूं नये. आणि दोघांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, मुंबईंत १९२५ सालापासून विजेवर एक गाडी धांवत आहे, जिच्या एका डब्यांत शेंकडों माणसें मावतात. त्या लोकलपुढें, माणशीं हिशोब केला, तर कोणतीच मोटार टिकत नाहीं.

तेव्हां मुलगा जिंकला, पण वडिलांच्या प्रश्नामुळें अधिक शहाणा होऊन जिंकला. धूर दिसत नाहीं म्हणून तो नाहीं असें न मानतां, तो कोठें जातो हें विचारण्याची संवय आपणां सर्वांस लागो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.