बर्फाच्या कारखान्यांतील उष्णता

उत्तनच्या किनाऱ्याला मासेमारीची बोट लागते, तेव्हां तिच्या पोटांतील मालाचें मोल केवळ जाळ्यांत काय सांपडलें एवढ्यावर ठरत नाहीं. बोट निघाली त्या दिवशीं तिच्या खणांत बर्फ किती भरला होता, यावरही तें ठरतें. बोंबील उन्हांत वाळवतां येतो, व मीरा-भाईंदरच्या या पश्चिम टोकाला बोंबलांच्या वलांडी पाहिल्या नाहींत असा प्रवासी विरळाच. पण पापलेट किंवा सुरमई यांचें तसें नाहीं. आपल्याकडील हवेंत दर किलो मासळीमागें सुमारें एक किलो बर्फ असावा, असा सर्वसाधारण हिशेब सांगतात. चार दिवस समुद्रावर राहून परतणाऱ्या नाखव्याला बर्फ कमी पडला, तर त्याची मेहनत बाजारांत अर्ध्या भावानें जाते.

हा बर्फ एके काळीं सातासमुद्रांपलीकडून येत असे, हें आज खरें वाटणार नाहीं. अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांवर करवतीनें कापलेल्या लाद्या भुशांत गुंडाळून फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें १८३३ सालीं कलकत्त्यास पाठविल्या. पुढील वर्षीं तसाच बर्फ मुंबईस उतरला. मेजवानींत आइस्क्रीम वाढणाऱ्या सर जमशेटजी जीजीभाईंना व त्यांच्या पाहुण्यांना नंतर पडसें झालें, ही त्या वेळची गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढें यंत्रें आलीं आणि जहाजांतला बर्फ मागें पडला.

परंतु यंत्र ‘थंडी तयार करतें’ हें म्हणणें सोयीचें असलें तरी बरोबर नव्हे. थंडी ही वस्तूच नाहीं. यंत्र पाण्यांतील उष्णता उचलून बाहेर टाकतें, एवढेंच. बर्फाचा कारखाना म्हणजे उष्णतेची हमाली. आणि हमालाला जसा एक जिना उतरायचा व एक चढायचा असतो, तसेच येथेंही दोन जिने आहेत. एकांत उष्णता आंत घ्यावयाची, दुसऱ्यांत बाहेर सोडावयाची. या दोन जिन्यांनाच उष्णता-विनिमयक म्हणतात.

ओझें वाहण्याचें काम बहुतेक मोठ्या कारखान्यांत अमोनिया करतो. उघड्या हवेच्या दाबाखालीं हा पदार्थ उणें ३३ अंशांवरच उकळूं लागतो. त्याच्यावर सुमारें अडीच वातावरणांचा दाब ठेवला, तर तो उणें १५ अंशांच्या आसपास उकळतो, आणि उकळण्यासाठीं लागणारी उष्णता नळीबाहेरील खाऱ्या पाण्यांतून ओढून घेतो. त्या खाऱ्या पाण्यांत गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे बुडविलेले असतात. त्यांतलें पाणी हळूहळू गोठून लादी होते. मीठ घातलें कीं पाणी शून्य अंशाखालींही पातळ राहतें, म्हणूनच ही योजना. भाईंदरच्या मिठागरांत उन्हानें पिकणारें मीठ आणि बर्फाच्या हौदांतलें खारें पाणी, यांचें हें नातें गमतीचें खरें.

उकळलेल्या अमोनियाची वाफ दाबयंत्रांत, म्हणजे कॉम्प्रेसरमध्यें जाते. तेथें दाब पंधरा वातावरणांच्या घरांत नेला, कीं तीच वाफ ४० अंशांच्या सुमारास पुन्हा द्रव होऊं शकते. फक्त तिची उष्णता कोणी तरी घेतली पाहिजे. हें घेणाऱ्या भागाला कंडेन्सर म्हणतात, आणि आराखडा करणाऱ्या इंजिनिअरची खरी परीक्षा येथेंच आहे.

थोडा हिशेब पाहूं. ३० अंशांचें १ किलो पाणी शून्यापर्यंत आणण्यास सुमारें १२६ किलोजूल, आणि तें गोठविण्यास आणखी ३३४ किलोजूल उष्णता काढावी लागते. दिवसाला १० टन बर्फ करावयाचा म्हटला, तर हें काम सुमारें ५५ किलोवॅट होतें. भिंतींतून व झांकणांतून आंत शिरणारी उष्णता आणि दाबयंत्रानें खर्चिलेली शक्ति त्यांत मिळविली, म्हणजे कंडेन्सरला सुमारें ८५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. ती पाण्याच्या वाफेबरोबर हवेंत घालवावयाची, तर दिवसाला सुमारें ३ टन गोडें पाणी उडून जातें. ज्या शहराचें पाणी दुरून नळानें येतें, तेथें ही किंमत लहान नाहीं.

शिवाय कंडेन्सरवरून झिरपणारें पाणी, हवा कितीही वाहिली तरी, ओल्या फडक्यांत गुंडाळलेला तापमापक जेथें थांबतो त्याच्या खालीं जाऊं शकत नाहीं. मुंबईच्या आसपास मे महिन्यांत तो सुमारें २७-२८ अंशांवर असतो. म्हणजे नागपूरच्या ४५ अंशांच्या कोरड्या दुपारीं जें साधतें, तें खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर ३३ अंशांतही साधत नाहीं. किनाऱ्याची हवा सौम्य म्हणून तेथें थंडगार यंत्रें सुखानें चालत असतील, अशी अनेकांची समजूत असते. ती उलट आहे.

आतां नळ्या किती घालाव्या? उष्णता किती वाहील हें तीन गोष्टींवर ठरतें: नळ्यांचें क्षेत्रफळ, दोन बाजूंच्या तपमानांतील अंतर, आणि मधल्या भिंतीची व तिच्या दोन्ही अंगांवरील थरांची उष्णता सोडण्याची तयारी. क्षेत्रफळ कमी घातलें तर तपमानांतील अंतर वाढवून तेंच काम होतें, पण मग कंडेन्सरमधील दाब चढतो, आणि दर अंशामागें विजेचा खर्च सुमारें दोन-तीन टक्के वाढतो. नळ्यांचे पैसे एकदांच द्यावे लागतात, विजेचे रोज. तरीही स्वस्त यंत्र विकणारा जिंकतो, कारण विकत घेणारा पहिलाच आंकडा पाहतो.

नळ्या कशाच्या, हा दुसरा पेंच. तांबें उष्णतेला वाट देणारें खरें, पण ओलसर अमोनिया तांबें व पितळ खाऊन टाकतो. त्यामुळें पोलाद घ्यावें लागतें, आणि पोलादाला समुद्राची हवा खाते. समुद्राचेंच पाणी नळ्यांतून खेळविलें तर गोडें पाणी वांचतें, पण पोलाद टिकत नाहीं. टायटॅनियम दोघांनाही दाद देत नाहीं. मात्र त्याची किंमत ऐकून लहान कारखानदार स्वस्थ बसतो. म्हणून बहुतेक ठिकाणीं पोलादी नळ्यांवर जस्ताचा मुलामा, वेळचे वेळीं रंग, आणि नजर ठेवणारा माणूस यांवरच भिस्त असते.

शेवटचा प्रश्न जिवाचा आहे. अमोनियाचा दर्प दशलक्ष भागांत पांच-दहा भाग असतांही नाकाला कळतो. तीनशे भागांपुढें तो जिवास तत्काळ धोका करतो. २०११ च्या शिरगणतींत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर होती, आणि जुने कारखाने व नव्या इमारती यांमधील अंतर आतां फारसें उरलेलें नाहीं. ओझोनला घातक वायूंवर १९८७ च्या माँट्रियल करारानें बंधनें आलीं, व २०१६ च्या किगाली दुरुस्तीनें त्यांच्या जागीं आलेल्या, पृथ्वी तापविणाऱ्या वायूंवरही. यामुळें अमोनियाची मागणी कमी होण्याची चिन्हें नाहींत. मग उपाय एवढाच कीं, यंत्रांत तो कमी भरावा. जुन्या पद्धतीच्या मोठ्या पिंपांऐवजीं एकमेकींना लागून असलेल्या पातळ पत्र्यांचे विनिमयक वापरले, तर तेवढेंच काम फार थोड्या अमोनियांत होतें. पत्र्यांमधील वाटा अरुंद असल्यानें गाळ मात्र लवकर बसतो, व गाळलेलें पाणी लागतें.

नळीच्या आंतल्या बाजूला बसणारा चुन्याचा थर नखाएवढा असला तरी उष्णतेची वाट अडवितो. दुसऱ्या जिन्यांत तेल तेंच करतें: दाबयंत्रांतलें तेल अमोनियांत विरघळत नाहीं, जड असल्यानें तळाशीं बसतें, आणि तें वेळोवेळीं काढलें नाहीं तर उकळणाऱ्या नळ्यांवर लेप चढतो. आंत शिरलेली हवाही अशीच. ती द्रव होत नाहीं, कंडेन्सरमध्यें अडून दाब वाढविते, आणि बिल भरणाऱ्याला कारण उमगत नाहीं.

महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. उत्तनच्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि बर्फाची मागणी ओसरते. याच दोन महिन्यांत कंडेन्सरचीं झांकणें उघडतात, नळ्यांतून तारांचे ब्रश फिरवितात, थर खरवडतात, गळक्या नळ्या बंद करतात. मे महिन्यांत दाबमापकाचा कांटा कोठें थांबत होता, तो आंकडा ज्या कारखान्यांत लिहून ठेवलेला असतो, तेथें ऑगस्टच्या पहिल्या बोटीसाठीं लाद्या काढतांना तो पुन्हा काढून पाहतात.