बुद्धिबळ आणि शोगी



आपले बुद्धिबळ आणि जपानातील शोगी ही चुलत भावंडे होत. दोहोंचे मूळ भारतातील चतुरंगात आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजा, प्यादी, शह, मात ही दोन्हीकडे आहेत. तरीही बुद्धिबळात मुरलेल्या खेळाडूने आपले धोरण शोगीच्या पटावर जसेच्या तसे चालविले, तर त्याची गत बिकट होते. ती का होते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

शोगीचा पट ८१ घरांचा. प्रत्येकाचे मोहरे २०. त्यांत वजीर नाही. हत्ती एक, उंट एक. पण खरा भेद निराळाच आहे. बुद्धिबळात मारलेला मोहरा पटावरून जातो तो गेलाच. शोगीत तो मारणाऱ्याच्या हाती येतो, आणि पुढे आपल्या पाळीला चाल करण्याऐवजी तो खेळाडू त्याला, थोडे निर्बंध सोडल्यास, कोणत्याही रिकाम्या घरात आपला म्हणून उतरवू शकतो. म्हणूनच तेथे काळे-पांढरे असा भेद नाही. सारे मोहरे एकाच रंगाचे, पाचरीसारखे. टोक कोणीकडे आहे यावरून धनी ओळखावयाचा.

या एका नियमाने सारे धोरण फिरते. बुद्धिबळात एक मोहरा वरचढ झाला, की जाणता खेळाडू मारामारी करून पट मोकळा करतो. गर्दी सरली की तेवढी आघाडी पुरते. शोगीत ४० च्या ४० मोहरे शेवटपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या चाकरीत असतात, आणि प्रत्येक मारामारीत आपण शत्रूच्या हाती शस्त्र देतो. बुद्धिबळात डावाच्या अखेरीस राजा स्वतः मैदानात उतरतो. शोगीत त्याच वेळी शत्रू कोठे उतरेल याचा नेम नसतो. म्हणून राजाभोवती आधीच कोट बांधावा लागतो. ‘यागुरा’, ‘मिनो’ ही अशा कोटांची नावे. अखेरचा हिशेब मोहऱ्यांचा नसून चालींचा असतो : माझी मात आधी, की त्याची? हत्ती गमावूनही एक चाल आधी पोहोचणारा जिंकतो. बरोबरी क्वचितच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर दोस्तांचा अंमल असताना, शोगीत कैद्यांना राबविले जाते, असा आक्षेप अधिकाऱ्यांनी घेतल्याची हकीकत विख्यात खेळाडू कोझो मासुदा सांगत. बुद्धिबळात कैदी ठार होतात, शोगीत त्यांना काम मिळते, असे त्यांचे उत्तर होते. उत्तर खमंग आहे. पण खेळाच्या नियमांवरून राष्ट्राचा स्वभाव ठरवू नये. योशिहारू हाबू यांनी १९९६ साली शोगीचे तेव्हाचे सातही प्रमुख किताब एकाच वेळी आपल्याकडे राखले, आणि बुद्धिबळातही फिडे मास्टर ही पदवी मिळविली. माणूस तोच, पट बदलला की हिशेब बदलावयाचा, एवढे त्याला कळले पाहिजे.