पोरांना संघटना बांधू द्या
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "साहेब, कापूस विकून पोराला कॉलेजात घातलं. आता तो म्हणतो, विद्यार्थ्यांची संघटना काढतो. तुम्हीच समजवा त्याला. राजकारण करायला नाही पाठवलं." काकांची भीती खोटी नाही. पोरावर केस झाली तर नोकरी हुकते. वर्ष वाया गेले तर पुढची फी पुन्हा आपल्याच कापसातून जाते. म्हणून आज याच प्रश्नावर बोलतो.

मी कृषी पदवीला होतो तेव्हा आमच्या वसतिगृहात मेसचे बिल महिन्यागणिक चढत होते. वरण पातळ आणि बिल जाड. आम्ही 11 जण, सगळे कोरडवाहू गावांतले, एका खोलीत बसलो आणि संघटना काढली. पहिल्याच महिन्यात चूक केली. मेसचा हिशेब मागायचा सोडून फलक आणि मेळाव्याच्या मागे लागलो. पैसे एका पुढाऱ्याने दिले. पुढे मेसच्या ठेकेदाराविरुद्ध बोलायची वेळ आली, तर तो त्याच पुढाऱ्याचा माणूस निघाला. आमची तोंडे बंद झाली. 8 महिन्यांत संघटना मोडली. बिल वाढतच राहिले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा सुरुवात केली. फलक नाही, हारतुरे नाहीत. महिन्याला 5 रुपये वर्गणी आणि एक वही. ज्वारी, गहू, तेल, भाजी किती आली आणि काय भावाने आली, हे रोज दोघे जण लिहीत. दीड महिन्याने ती वही घेऊन वसतिगृहप्रमुखांसमोर बसलो. आरडाओरड केली नाही. पुढच्या महिन्यात बिल उतरले. माझे पहिले राजकारण त्या वहीत झाले.

मेसचे बिल ही किरकोळ गोष्ट समजू नका. डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयातली पोरे संपावर गेली ती मेसचे बिल वाढले म्हणून. महागाईने घरोघरी तेच दुखणे होते, म्हणून लोक त्यांच्या मागे उभे राहिले. त्यातून नवनिर्माण आंदोलन उभे झाले. 9 फेब्रुवारी 1974 ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. पण त्या आंदोलनात जाळपोळ झाली, गोळीबारात माणसे मेली, हेही विसरू नका. दगड हातात आला की हिशेबाची वही हातातून सुटते.

आता कायद्याचे बोलू. 1989 पासून 18 वर्षांच्या पोराला मताचा हक्क आहे. तो खासदार निवडतो, मग त्याने मेसच्या बिलावर बोलू नये, हे कोणते शहाणपण? संघटना बांधण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 ने दिला आहे. आपल्या राज्यात अकृषी विद्यापीठांच्या कॉलेजांमधल्या खुल्या निवडणुका 1994 च्या कायद्याने थांबल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. 2016 च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली. पण निवडणुकीची वाट पाहत बसायचे कारण नाही. संघटनेला मतपेटी लागत नाही, माणसे लागतात. आणि निवडणूक झालीच, तर 2006 च्या लिंगडोह समितीने घातलेली बंधने पोरांनी पाठ करावीत: उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांच्या आत, हजेरी 75 टक्के. अभ्यास सोडून पुढारी होणाऱ्याला तिथे जागा नाही.

तुमच्या पोरापोरींना माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगा.

पहिली, एका वेळी एकच प्रश्न धरा. शिष्यवृत्ती अडली, एस.टी. वेळेवर येत नाही, मुलींच्या वसतिगृहात पाणी नाही, यातला एक. दुसरी, पैसा आपल्याच वर्गणीचा, आणि हिशेब दर महिन्याला भिंतीवर लावायचा. तिसरी, मुलींना नुसते स्वागतगीताला बोलावू नका. अर्धी वही त्यांच्या हातात द्या. चौथी गोष्ट तुम्हा कापूसवाल्यांना जास्त कळेल. पेरणीनंतर नांग्या भरल्या नाहीत तर शेत विरळ राहते. कॉलेजातही दर वर्षी शेवटच्या वर्षाची पोरे निघून जातात. पहिल्या वर्षाची पोरे वेळेवर घेतली नाहीत, तर संघटना तिसऱ्या वर्षी उरत नाही. आमची दुसरी संघटना अशीच संपली. आम्ही पदवी घेऊन निघालो, आणि वही कोणाकडे द्यायची हे ठरवलेच नव्हते.

काका, आज घरी जाल तेव्हा पोराला तीन प्रश्न विचारा. प्रश्न कोणता धरला? पैसा कोणाचा? वही कोण लिहितो? उत्तरे सरळ आली तर त्याला अडवू नका. बाजारात एकट्या शेतकऱ्याचे काय होते ते आपण रोज पाहतो. पोरगा चार माणसे धरून, हिशेब मांडून बोलायला शिकला, तर ते शिक्षण पदवीपेक्षा कमी नाही.

आणि उत्तरे सरळ आली नाहीत, तर खुशाल त्याचा कान धरा. तेव्हा मी तुमच्याच बाजूला उभा राहीन.