उचल घेण्याआधी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोळा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावांत एकच प्रश्न फिरू लागतो, "औंदा कुठल्या कारखान्याला?" दसरा-दिवाळीच्या सुमारास गळीत हंगामाची तयारी होते आणि बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुण्याकडे, काही तर थेट कर्नाटकात जातात. चार-पाच महिने गाव म्हाताऱ्यांचे होते. मी तिथे तीस वर्षे शिक्षक होतो. हजेरीपट निम्मा रिकामा होताना पाहिला आहे. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

ऊसतोडीचे काम अर्ज करून मिळत नाही. ते मुकादमाकडून मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे घेतो आणि प्रत्येक कोयत्याला आगाऊ रक्कम देतो. हीच उचल. पुढे ती तोडीच्या मजुरीतून फेडायची. म्हणजे काम मिळाले, पण पगार आधीच खर्च झालेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट. उचल किती घ्यायची ते गरजेवरून ठरवू नका, कोयत्यावरून ठरवा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे 366 रुपयांवर गेला. एक जोडपे दिवसाला दोन टन तोडते असे धरा. कामाचे दिवस एकशेवीस धरा. हिशेब सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी हजारांवर थांबतो. यातून हंगामात घेतलेली खर्ची वजा होते, आजारपणाचे दिवस वजा होतात, खाडा झाला तर काही ठिकाणी दंडही कापतात. एक लाखाची उचल घेतली तर पट्टा पडताना बाकी अंगावर राहणारच. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. तेव्हा दर विचारायची सोय राहत नाही.

दुसरी गोष्ट, मुकादमाला आधी विचारा. कारखाना कोणता? काम गाडी सेंटरचे की डोक्यावर मोळ्या वाहण्याचे? टोळीत कोयते किती? वजनाची पावती दाखवणार का? बाई आजारी पडली तर खाडा धरणार का? आणि त्याच्याबरोबर गेल्या साली गेलेल्या दोन घरांत जाऊन विचारा. मुकादमापेक्षा ती घरे खरे सांगतात. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा किंवा सही कधीही करू नका. कर्ज फिटले नाही म्हणून माणसाला अडवून ठेवणे, त्याच्याकडून जबरीने काम करून घेणे हा 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट वहीची. माझा एक जुना विद्यार्थी बायको आणि मुलीला घेऊन तोडीला गेला होता. पट्टा पडला तेव्हा मुकादम म्हणाला, "तुझ्याकडे एकतीस हजार बाकी निघते." याने पिशवीतून वही काढली. रोजच्या खेपा, टन, टोळीतले कोयते, घेतलेली खर्ची, सगळे तारखेनिशी लिहिलेले. दोघे कोपीपुढे बसले. मुकादमाच्या हिशेबात काही खेपा चढल्याच नव्हत्या. रात्री उशिरा बाकी नऊ हजारांवर आली.

गावी आल्यावर त्याने ती वही मला कौतुकाने दाखवली. अक्षर ओळखीचे होते. सातवीतल्या त्याच्या मुलीचे. मी म्हणालो, "वही झकास आहे रे. पण पोरीचं वर्ष गेलं." तो गप्प बसला. त्याची बायको म्हणाली, "गुरुजी, मला आकडे शिकवा. औंदा मी लिहिते."

त्या उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी येऊन बसायची. शंभरापर्यंतचे आकडे, बेरीज, वजाबाकी. दिवाळीनंतर मुलगी आजीजवळ राहिली आणि शाळेत आली. नवी वही आईच्या पिशवीत गेली. तिचा सात उलटा पडायचा, पण बेरीज बरोबर असायची.

चौथी गोष्ट, निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीतून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र घ्या. रेशनकार्ड आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही चालते, ते आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत करा, पण गाडीत सामान चढवायच्या दिवशी नको, महिनाभर आधी.

आणि शहरातल्या श्रोत्यांना एवढेच. दिवाळीनंतर तुमच्या रस्त्याने उसाच्या गाड्या जातील. मागे बांधलेल्या भांड्यांच्या बोचक्याशेजारी एखादे पोर बसलेले दिसले, तर जवळच्या शाळेत जाऊन सांगा. त्याचे नाव तिथल्या हजेरीपटावर घ्यायला शिक्षकाला फार तर पाच मिनिटे लागतात. मी ती घेतली आहेत, आणि काही वेळा घ्यायची राहूनही गेली आहेत. राहिलेलीच जास्त आठवतात.